'मेजर, तुम्ही गेट बघा' : खान्देशातल्या उद्योजकांना खुलं पत्र

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतले कारखानदार, डाळ मिल आणि जिनिंगचे मालक, केळीचे निर्यातदार, दवाखाने आणि शिक्षणसंस्था चालवणारे, आणि माणसं कामावर घ्यायचा निर्णय ज्यांच्या हातात आहे असे सर्व बंधू-भगिनी,

जय हिंद.

मी पारोळा तालुक्यातला. १९९८ साली, एकोणिसाव्या वर्षी भरती झालो. फौजेला रसद पुरवणाऱ्या आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये स्टोअरकीपर म्हणून चोवीस वर्षं काढली आणि २०२२ मध्ये हवालदार म्हणून पेन्शनीवर घरी आलो. तेव्हा माझं वय त्रेचाळीस होतं. मुलगी दहावीला, मुलगा सातवीला, घराचं कर्ज अर्धं फिटलेलं. हे आधीच सांगतो, कारण नोकरी मागायला गेलं की पहिलं वाक्य ऐकायला मिळतं ते म्हणजे, "तुम्हाला काय, पेन्शन आहे ना!" पेन्शन आहे आणि तिच्याबद्दल मी देशाचा ऋणी आहे. पण शाळेत शिकवणारे माझ्याच वयाचे गुरुजी अजून पंधरा वर्षं नोकरी करणार आहेत. फौजेला तरणी माणसं लागतात, म्हणून ती आम्हाला लवकर सोडते. जवानाला पंधरा वर्षं झाली की पेन्शन लागू होतं आणि बहुतेक जण पस्तीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान घरी येतात. हातपाय धड असतात, डोकं चालत असतं, लेकरं शिकत असतात. अशा वयात माणूस काम मागतो ते हौसेनं नव्हे.

आमच्याकडे जवान सुट्टीवर आला की गल्लीतल्या म्हाताऱ्या ओट्यावरून दोन प्रश्न विचारतात. "कवय उना रे भाऊ?" म्हणजे कधी आलास, आणि लगेच, "कवय जाशी?" म्हणजे कधी जाणार. चोवीस वर्षं मी त्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं तारखेसकट दिली. पेन्शन आल्यावर पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं आणि दुसऱ्यापाशी थांबलो. "आता इथंच," म्हटलं. तेव्हा शेजारची नानी म्हणाली, "मंग आते काय करशी?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या बायकोनं चोवीस वर्षं एकटीनं शेत, सासू-सासरे, लेकरांची दुखणीखुपणी, बँक, सोसायटी सगळं सांभाळलं होतं. त्या घरात माझ्यावाचून काही अडलेलं नव्हतं. पहिले तीन महिने मी सकाळी साडेचारला उठायचो, अंगणात उभा राहायचो, आणि पुढं काय ते कळायचं नाही.

दिवाळीनंतर मी एका कारखान्यात अर्ज घेऊन गेलो. त्याचं नाव सांगत नाही, कारण त्या एकाच कारखान्याची ही गोष्ट नाही. समोर बसलेला मुलगा सव्वीस-सत्तावीसचा, बोलायला चांगला. त्यानं पाणी दिलं, बसायला सांगितलं. माझं डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतल्या सेवेची नोंद असलेलं पुस्तक, हातात घेतलं, पहिलं पान उघडलं, फोटो बघितला आणि मिटवलं.

"काका, सिक्युरिटीत जागा आहे. बारा तास ड्युटी. आठवड्याला पाळी बदलते."

मी विचारलं, "स्टोअरमध्ये काही?"

तो म्हणाला, "स्टोअरला अनुभव लागतो."

त्यानं ते पुस्तक मिटवलं नसतं तर पुढच्या पानांवर अनुभव लिहिलेला होता. तो काय होता ते मी इथं सविस्तर सांगतो. माझी फुशारकी सांगायची म्हणून नव्हे. तुमच्या गेटवर आज जो माजी सैनिक उभा आहे, त्याच्या पुस्तकातही असंच काहीतरी लिहिलेलं आहे आणि ते तुम्ही वाचलेलं नाही, म्हणून.

माझ्या नोकरीतली सात वर्षं लडाखच्या सप्लाय डेपोंमध्ये गेली. श्रीनगरहून लेहला जाणारा रस्ता झोजी ला खिंडीतून जातो. साडेअकरा हजार फुटांवरची खिंड. थंडीत ती बर्फानं बंद व्हायची ती महिनोन् महिने. मनालीकडची वाटही तशीच. त्यामुळे वर असलेल्या सगळ्या माणसांचं हिवाळ्याचं पीठ, तांदूळ, डाळ, तेल, साखर, दूध पावडर, डबाबंद भाजी, रॉकेल, हे सगळं उन्हाळ्याच्या चार-पाच महिन्यांत वर चढवून ठेवायचं. याला आम्ही विंटर स्टॉकिंग म्हणतो. रस्ता उघडला की ट्रकांचे ताफे सुरू आणि बर्फ पडायच्या आत काम पुरं. एक ट्रक माल खराब निघाला तर जळगावात तुम्ही दुसरा मागवता. तिथं डिसेंबरात दुसरा ट्रक येत नाही. त्या थप्पीवर ज्यांचं जेवण अवलंबून आहे, ते जवान आणखी वर, चौकीत बसलेले असतात.

म्हणून माल उतरताना पोत्यात सळई खुपसून नमुना काढायचा. मूठभर तूरडाळ तळहातावर पसरायची, दाण्यांचा रंग बघायचा, भुकटी किती पडते ते बघायचं, एक दाणा दाताखाली फोडायचा. कोरडा दाणा कटकन् तुटतो. ओल धरलेला दाबला जातो. प्रयोगशाळेचा अहवाल नंतर येतो, पण दात आधी सांगतात. थप्पी लावताना खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून हातभर अंतर, दोन थप्प्यांच्या मधून माणूस जाईल एवढी वाट. जुना माल पुढं, नवा मागं, कारण जो आधी आला तो आधी बाहेर गेला पाहिजे. प्रत्येक थप्पीला कार्ड. कार्डावरचा आकडा, खातेवहीतला आकडा आणि हातानं मोजलेला आकडा, तिन्ही एक. बदली झाली की येणाऱ्याला सगळा साठा मोजून द्यायचा. एक डबा कमी निघाला तरी कागदावर कारण लिहून द्यावं लागतं. ते पटलं नाही तर चौकशी. हे मी हातमोजे घालून, शून्याखालच्या थंडीत, पेनातली शाई गोठते म्हणून पेन्सिलीनं केलेलं आहे.

ती सिक्युरिटीची नोकरी मी घेतली. घरात बसून राहणं जास्त जड जात होतं. फेब्रुवारीत लागलो. मे महिन्यात जळगावात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो आणि गेटवरची केबिन पत्र्याची. त्याचं मला काही वाटलं नाही. गाडी नंबर, बिल नंबर, वजन, वेळ, ड्रायव्हरची सही. मी माझं रजिस्टर चोख ठेवत होतो. तिथंही कच्चा माल पोत्यांतूनच यायचा. जूनच्या पहिल्या आठवड्यात एक मोठा लॉट आला आणि गोदामात सरळ पश्चिमेकडच्या भिंतीला टेकवून लावला. खाली फळ्या नाहीत, आणि जुना लॉट त्याच्या मागं अडकला. मला गेटवरून दिसत होतं. मी दोन दिवस गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी गोदामाच्या साहेबांना म्हटलं, "सर, पाऊस तिकडून येतो. हातभर सरकवून घेऊ. माझी सुट्टीची पाळी आहे, मी उभा राहून करून देतो." ते चांगले गृहस्थ, रागावले नाहीत. हसून म्हणाले, "मेजर, तुम्ही गेट बघा."

जुलैत भिंत झिरपली. खालचे दोन थर काळे पडले. किती पोती गेली ते मी मोजलं, कारण बाहेर जाताना ती माझ्याच रजिस्टरमध्ये लिहिली गेली: एकशे बारा.

त्या दिवशी मला राग आला नाही, वाईट वाटलं. माल कुणाचाही असो, सडलेलं धान्य बघवत नाही. महिना संपला आणि मी नोकरी सोडली.

'मेजर' हा शब्द आपल्या खान्देशात प्रेमानं वापरला जातो. शिपाई म्हणून निवृत्त झालेलाही गावात मेजरच असतो. चहाच्या टपरीवर, एसटीत, लग्नाच्या पंगतीत लोक जागा करून देतात: "या मेजर, बसा." पंधरा ऑगस्टला झेंड्यापाशी पहिल्या रांगेत उभं करतात. हा मान मनापासून दिलेला असतो, हे मला ठाऊक आहे. पण मान देताना लोक आम्हाला एकाच रंगात बघतात. गणवेश घातलेला माणूस म्हणजे बंदूक घेऊन उभा राहणारा माणूस. मग त्याला काम कोणतं द्यायचं? उभं राहायचं. बँकेच्या दारात, एटीएमपाशी, कारखान्याच्या गेटवर, कॉलेजच्या फाटकात.

फौज म्हणजे केवढा मोठा कारखाना असतो, हे बाहेरच्यांना दिसत नाही. तिथं लढणारी माणसं आहेत, तसे ड्रायव्हर आहेत, वाहनं दुरुस्त करणारे आहेत, वायरलेस चालवणारे आहेत, वेल्डर, प्लंबर, गवंडी, इलेक्ट्रिशियन, कारकून, आचारी, नर्सिंग असिस्टंट, नकाशे वाचणारे, पूल बांधणारे आहेत. आणि ज्याला आम्ही जीडी म्हणतो, म्हणजे जनरल ड्युटी, तो पायदळातला हवालदारसुद्धा दहा माणसांची सेक्शन सांभाळतो. कोण आजारी आहे, कुणाच्या घरी भांडण आहे, कुणाला सुट्टी आधी द्यायला हवी, कुणाला एकटं सोडायचं नाही, हे त्याला रोज बघावं लागतं. तुमच्याकडच्या सुपरवायझरचं काम याहून वेगळं काय असतं?

माझ्या ओळखीची तीन माणसं सांगतो. साक्री तालुक्यातला एक भाऊ बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर दलातला, खडकीला शिकलेला. अरुणाचलात डोंगर फोडून रस्ते काढताना त्यानं बारा वर्षं डोझर आणि एक्स्कॅव्हेटर चालवला. दरड कुठून येणार हे तो मातीचा रंग बघून सांगतो. तो आज दुनळी बंदूक घेऊन बँकेच्या दारात बसतो. चाळीसगावकडचा दुसरा, वर्षानुवर्षं लेहच्या रस्त्यावर जड गाड्या नेणारा, त्याला एका शाळेनं फाटकावर ठेवलं, आणि त्याच शाळेची बस मात्र दर सहा महिन्यांनी नवा ड्रायव्हर शोधते. त्याला बस द्यावी हे कुणाला सुचलं नाही. त्यानंही विचारलं नाही, कारण दिलेलं काम करायचं, मागायचं नाही, ही सवय आमच्या अंगात मुरलेली असते.

तिसरा शहाद्याकडचा. नर्सिंग असिस्टंट. वीस वर्षं लष्करी दवाखान्यात. उंचावर फुप्फुसात पाणी भरलेल्या जवानाला रात्रभर ऑक्सिजनवर सांभाळून सकाळी हेलिकॉप्टरमध्ये चढवणारा माणूस. त्याच्याकडे नर्सिंग परिषदेची नोंदणी नव्हती, म्हणून दवाखान्यात त्याला परिचारक म्हणून घेतलं नाही. हे मला मान्य आहे. रुग्णाच्या जिवाचा प्रश्न आहे, कायदा कायदा आहे. पण ज्या दवाखान्यानं त्याला नाही म्हटलं, त्यानंच त्याला पार्किंगमध्ये शिट्टी वाजवायला ठेवलं. नर्सची खुर्ची आणि पार्किंग यांच्या मध्ये दवाखान्यात किती कामं असतात! औषधांचा साठा, निर्जंतुकीकरण, ॲम्ब्युलन्स, ऑक्सिजनचे सिलिंडर, रात्रपाळीची देखरेख. यांपैकी एकही त्याला कुणी विचारलं नाही. मे महिन्यात त्याच पार्किंगमध्ये ऊन लागून एक म्हातारे आजोबा कोसळले, तेव्हा डॉक्टर खाली येईपर्यंत त्यांना सावलीत आडवं करून, कपडे सैल करून, ओल्या फडक्यांनी अंग थंड करत यानंच सांभाळलं. आजोबा वाचले. दुसऱ्या दिवशी हा पुन्हा शिट्टी घेऊन उभा.

चौकीदारी हलकी आहे असं मी म्हणत नाही. पहारा हे आमचं पहिलं शिक्षण आहे आणि ज्याला ते काम हवं त्यानं ते मानानं करावं. तिथंही एक गोष्ट तुमच्या ध्यानात असू द्या. खासगी सुरक्षा संस्थांचा जो २००५ चा कायदा आहे, त्यातच लिहिलेलं आहे की पर्यवेक्षक नेमताना सैन्यात किमान तीन वर्षं सेवा केलेल्याला प्राधान्य द्यावं. पर्यवेक्षक. पण ठेकेदार आम्हाला बारा तासांच्या पाळीला उभा करतो आणि पर्यवेक्षक म्हणून त्याचा भाचा येतो. तुमच्या गेटवरचा ठेका कुणाला दिला आणि त्यानं कुणाला कुठं लावलं, हे बिल मंजूर करताना एकदा विचारा.

सरकारनं आमच्यासाठी काही केलं नाही असंही नाही. राज्याच्या गट क आणि ड च्या भरतीत माजी सैनिकांना पंधरा टक्के समांतर आरक्षण आहे. केंद्रात गट क मध्ये दहा टक्के, गट ड मध्ये वीस. सरकारी बँका आणि सार्वजनिक उपक्रमांत यापेक्षा थोडं जास्त. भुसावळला रेल्वेत, वरणगाव आणि भुसावळच्या आयुध निर्माणीत आमचे कितीतरी भाऊबंद या वाटेनं लागले आणि त्यांनी नाव राखलं. वयातही सवलत मिळते. पण परीक्षा द्यावी लागते, ती बावीस वर्षांच्या पोरांसोबत, आणि चाळिशीत गणिताच्या शॉर्टकट पद्धती डोक्यात बसवणं सगळ्यांना जमत नाही. जागाही मोजक्या. बाकीच्यांनी जायचं कुठं? तुमच्याकडेच. म्हणून हे पत्र सरकारला न लिहिता तुम्हाला लिहितो आहे.

एक माहिती तुमच्या एचआरच्या मुलामुलींना जरूर द्या. मॅट्रिक झालेल्या आणि पंधरा वर्षं सेवा केलेल्या माजी सैनिकाला केंद्र सरकार, तांत्रिक पदं सोडून, गट क च्या पदवी लागणाऱ्या जागांसाठी पात्र धरतं. सरकार ज्याला पदवीच्या तोडीचा मानतं, त्याचा अर्ज तुमच्या कॉम्प्युटरवर 'दहावी पास' म्हणून पहिल्याच चाळणीत गळतो. माणूस बघायच्या आधीच गळतो.

आता जे माझ्या बाबतीत पुढं घडलं ते सांगतो. रावेर तालुक्यात एका ताईंचं केळीचं पॅकहाऊस आहे. वडिलांचा व्यापार त्यांनी वाढवला, माल आखाती देशांत जातो. मी गेलो होतो वॉचमनच्या जागेसाठीच. त्यांनी डिस्चार्ज बुक उघडलं, दोन पानं उलटली, त्यांना काही कळलं नाही. कळणार कसं? सगळी संक्षिप्त अक्षरं, अर्धी आमची भाषा. पण त्यांनी पुस्तक मिटवलं नाही. माझ्याकडे बघून विचारलं, "दादा, लडाखला तुम्ही सकाळपासून संध्याकाळपर्यंत नक्की काय करायचात?"

हा प्रश्न मला तोपर्यंत कुणी विचारलेला नव्हता. मी तासभर बोललो. त्यांनी मध्येच उठून मला आत नेलं. फण्या धुऊन खोक्यांत भरणं चालू होतं. एक कंटेनर दारात उभा, आत शीतगृह तेरा-चौदा अंशांवर. आणि काम थांबलेलं. कशामुळं? खोक्यात घालायच्या प्लास्टिकच्या पिशव्या संपल्या होत्या आणि पिशव्या आणायला माणूस जळगावला गेला होता. ताई म्हणाल्या, "हे महिन्यातून दोनदा होतं."

दोन महिने बघू, असं ठरलं. त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. मी काही जादू केली नाही. खोकी, पिशव्या, स्टिकर, बुरशीनाशक, प्रत्येकाला कार्ड लावलं. किती उरलं की मागवायचं तो आकडा कार्डावर लाल पेन्सिलीनं लिहिला. कुठल्या शेतातला माल किती वाजता कापला, किती वाजता आत आला, याची चिठ्ठी प्रत्येक लॉटला बांधली. केळीला तेरा अंशांच्या खाली नेलं की साल काळवंडते, म्हणून रात्री दर दोन तासांनी तापमान वहीत. झोजी ला बंद व्हायच्या आधीची घाई आणि बंदरावर जहाज सुटायच्या आधीची घाई, माझ्यासाठी एकच आहे.

सगळं पहिल्या दिवसापासून सुरळीत झालं नाही, तेही सांगायला हवं, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. पॅकहाऊसमध्ये वीस-बावीस बाया काम करतात. मी सुरुवातीला त्यांच्याशी पलटणीत बोलतात तसं बोलायचो. आवाज चढा, वाक्य तुटक, दुसऱ्यांदा सांगणं नाही. आठवड्याभरात त्यांनी आपसातल्या गप्पा बंद केल्या आणि काम मंदावलं. त्यांतल्या सगळ्यांत वडील मावशींनी मला एक दिवस बाजूला घेतलं आणि आमच्या भाषेत सुनावलं की आम्ही काही तुझी फौज नाही, भाऊ. मी घरी येऊन रात्रभर विचार केला. फौजेत हुकूम चालतो, कारण हुकूम देणारा आणि घेणारा एकाच लंगरात जेवतात, एकाच बराकीत झोपतात. इथं तो धागा नव्हता आणि मी मात्र आवाज तोच वापरत होतो. दुसऱ्या दिवसापासून मी दुपारचा डबा त्यांच्यासोबत खाऊ लागलो. हे शिकायला मला वेळ लागला, आणि तो वेळ ताईंनी दिला. तुम्ही कुणाला घेतलंत तर त्यालाही थोडा द्या. वरिष्ठाचं चुकतंय हे तोंडावर सांगायला, रजेसाठी चिठ्ठीऐवजी फोन करायला, ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासानं सुरू होणारी मीटिंग शांतपणे सोसायला, हे सगळं आम्हाला इथं येऊन शिकावं लागतं.

आमच्या बाजूच्या चुकाही आहेत. निवृत्तीच्या आधी पुनर्वसन महासंचालनालयाचे कोर्स असतात, जवानांना ते मोफत मिळतात. मी घराजवळ मिळेल तो कोर्स घेतला आणि त्यातले बरेच दिवस घरच्या कामांत घालवले. गोदाम व्यवस्थापनाचा कोर्स घेतला असता तर 'अनुभव लागतो' म्हणणाऱ्या त्या मुलासमोर ठेवायला कागद तरी असता. आणि आम्ही बायोडाटा लिहितो तो असा: नाव, नंबर, पलटण, रँक, मेडल. मेडलवरून मालकाला काय कळणार? माझ्या भावांनो, तुम्ही किती माणसं सांभाळली, किती टन माल हाताळला, कोणती यंत्रं चालवली, ते साध्या मराठीत लिहा.

आता मुद्द्याचं आणि घाईचं. १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षांची सेवा, त्यातले पंचवीस टक्क्यांपर्यंत कायम होणार, बाकीचे घरी. पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण २०२२ सरता सरता आणि जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालं. हिशेब तुम्हीच करा. २०२६ च्या अखेरीपासून ही पोरं आपल्या गावांत परतायला लागणार. वय एकवीस ते सत्तावीस. हातात सेवानिधीचे, म्हणजे सेवा संपताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांचे, जाहीर झाल्याप्रमाणे, पावणेबारा लाखांच्या आसपास रुपये. पेन्शन नाही. अमळनेर, चोपडा, शिरपूर, शिंदखेडा, एरंडोल, पहाटे रस्त्यावर पळणारी पोरं तुम्ही सगळ्यांनी बघितली आहेत. भरतीसाठी पळत होती तीच ही पोरं.

आम्ही चाळिशीत आलो तेव्हा निदान पेन्शनची भाकरी होती. या पोरांना पंचविशीत तुम्ही गेटवरच्या खुर्चीत बसवलंत तर ते पुढची पस्तीस वर्षं तिथंच बसतील. आणि ती रक्कम? बुलेट, बहिणीचं लग्न, कुणीतरी गळ्यात मारलेला प्लॉट. मी माझ्याच गावात हे होताना बघितलेलं आहे, पेन्शनीच्या पैशांचं. म्हणून त्यांच्या हातात पैसे पडायच्या आधी त्यांच्यासमोर काम पडलं पाहिजे.

तुम्हाला यासाठी वेगळा खर्च करायला सांगत नाही. ज्या आस्थापनेत तीस किंवा अधिक माणसं आहेत तिला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, कायद्यानं अडीच टक्क्यांपासून पंधरा टक्क्यांपर्यंत. त्यातल्या थोड्या जागा या पोरांसाठी धरून ठेवा. वायरलेस चालवलेल्याला तुमच्या कंट्रोल पॅनलवर उभं करा, वाहनं दुरुस्त केलेल्याला मेंटेनन्समध्ये, पायदळातल्याला उत्पादनाच्या एका लाइनवर सुपरवायझरच्या हाताखाली. वर्षभरात कळेल कोण टिकतो. जो टिकणार नाही त्याला सोडा, आमची तक्रार नाही. बघितलं, तपासलं आणि नाकारलं, तर ते न्यायाचं झालं. न बघता गेटवर पाठवता, त्याचं दुःख आहे.

जाहिरात देताना 'माजी सैनिकांना प्राधान्य' ही ओळ तुम्ही फक्त सुरक्षारक्षकाच्या जागेखाली छापता. पुढच्या वेळी स्टोअर, डिस्पॅच, वाहतूक, मेंटेनन्स, वसतिगृहाचा रेक्टर, यांपैकी एखाद्या जागेखाली छापून बघा. आणि जागा निघाली की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला कळवा. तिथं आमची नावं ट्रेडसकट नोंदलेली असतात. माणूस शोधायला तुम्हाला दलालाची गरज नाही.

आम्ही पाच-सहा जणांनी आमच्यापुरतं एक काम हाती घेतलं आहे. दर रविवारी सकाळी पारोळ्यात बसतो आणि ज्याचं त्याचं डिस्चार्ज बुक समोर ठेवून एक पानी मराठी माहिती तयार करतो. फौजेतलं काम डावीकडे, बाहेरच्या भाषेत त्याला काय म्हणतात ते उजवीकडे. सॅपरवाल्या भावाचं पान मागच्या महिन्यात झालं. त्यात बंदुकीचा उल्लेख शेवटच्या ओळीत आहे, वरच्या बारा ओळी यंत्रांच्या आहेत. शहाद्यावाल्याचं अजून बाकी आहे, तो लिहायला बसला की थांबतो. म्हणतो, यात लिहिण्यासारखं काय आहे?

आमच्या गल्लीतला एक मुलगा पहिल्याच तुकडीत आहे. सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहनाच्या दलात. मागच्या सुट्टीत आला होता, तेव्हा नानीनं ओट्यावरून त्याला विचारलं, "कवय जाशी?" त्यानं तारीख सांगितली. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "काका, जानेवारीनंतर कुणाला भेटू?"

त्याला सांगायला मला तुमच्यापैकी कुणाचं तरी नाव हवं आहे.

आपला,
एक निवृत्त हवालदार, आर्मी सर्व्हिस कोअर
पारोळा तालुका, जि. जळगाव